हळद लागलेली चकती

आमच्या सरांच्या खोलीत शिरण्याआधी डोक्याला तेल लावलं आहे का, हे तपासलं जाई. तपासणी म्हणजे सर दारात उभे राहून नाक किंचित वर करून एक श्वास घेत. "ताई, आज खोबरेल आहे," असं ते म्हणाले की निमूट बाहेरच्या टेबलाशी बसायचं आणि दिवसभर लिखापढीचं काम करायचं. माझं सोमवारी हमखास असं व्हायचं, कारण रविवारी तेल लावून न्हाणं हा आमच्या घरचा शिरस्ता. शेवटी मी न्हाण्याचा वार शनिवार केला. सासूबाईंनी विचारलं, "हे कोणतं शास्त्र?" मी म्हटलं, "ऑफिसचं."

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आजी अवकाशयानाची इंजिनं करायची म्हणजे नक्की काय करायची? मी तेव्हा हसून विषय बदलला. इतकं सगळं फोनवर सांगता येत नाही, आणि सांगायला लागले की मधेच तुमची शाळेची बस येते. म्हणून लिहिते आहे. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं, तुम्हाला इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. पण सर मला आठवतात ते मराठीतच, आणि तेही नागपूरकडच्या मराठीत. जिथे अडेल तिथे बाबांना विचारा.

आधी इंजिनाचं सांगते. आमचं इंजिन पोस्टाच्या तिकिटाएवढं होतं. सच्छिद्र काचेची एक छोटी चकती, पांढरी, दिसायला थेट खडूसारखी. तिच्यावर सुईच्या टोकासारखे बारीक सुळके, ओळीनं कोरलेले. चकतीच्या मागे एक विलक्षण द्रव ठेवायचा. खरं तर ते मीठच, पण असं मीठ की जे साध्या हवेतही पातळच राहतं. ते काचेच्या भोकाभोकांतून झिरपत सुळक्यांच्या टोकांवर येतं. समोर एक धातूची जाळी ठेवायची आणि मधे विजेचा जबरदस्त दाब द्यायचा. मग टोकावरच्या द्रवातून विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटतात, जाळीच्या भोकांतून बाहेर झेपावतात आणि जाताना इंजिनाला मागे ढकलतात. किती ढकलतात? साखरेचा दाणा जमिनीवरून उचलला जाणार नाही इतकंच. पण वर अवकाशात अडवणारं कोणी नसतं. तिथे छोट्या उपग्रहाला वळायला तेवढं पुरतं.

सगळी करामत झिरपण्यात होती. कमी झिरपलं तर टोक कोरडं पडतं. जास्त झिरपलं तर कण सुटण्याऐवजी थेंब उडतात, ते जाळीवर बसतात, ठिणगी पडते आणि सगळं बंद. सर म्हणायचे, "घाई झाली की थेंब पडते." हे ते इंजिनाबद्दल म्हणत, रस्त्यावरच्या रिक्षांबद्दल म्हणत आणि एकदा तर आमच्या संचालकांबद्दल, त्यांच्या समोरच म्हणाले होते.

आमची प्रयोगशाळा सरकारी नव्हती. शहरातल्या एका जुन्या कारखानदाराच्या ट्रस्टची होती, आणि तिचे प्रकल्प बाहेरून मिळणाऱ्या अनुदानावर चालत. मी तिथे लागले ती अगदी नाइलाजानं. आजोबांची पिंपरीची कंपनी बंद पडली होती. नव्या काळात जुन्या मशीनचा माल कोणालाच नको होता. तुमचे बाबा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. मी एम.एस्सी. होते खरी, पण त्यावर घरसंसाराची इतकी वर्षं साचली होती की पदवीचा कागद शोधायलाच एक सकाळ गेली.

मुलाखतीला माझ्याबरोबर सगळी तरुण मुलं-मुली. सरांनी प्रश्न एकच ठेवला होता. टेबलावर बशीत थोडी निळी शाई, तिच्यात एक खडू उभा. "हे काय करून राहिलं, सांगा." माझ्या आधीच्या मुलानं फळ्यावर समीकरण मांडलं. त्याच्या आधीच्या मुलीनंही मांडलं असावं, फळ्यावर पुसल्याच्या खुणा होत्या. मला समीकरण आठवत नव्हतं. मी खडूकडे बघत बसले. शाई एका बाजूनं भराभर चढत होती, दुसऱ्या बाजूनं रेंगाळत होती.

मी विचारलं, "हा खडू आधी कुठे ठेवला होता? एका बाजूनं ओलसर असावा."

सर खुर्चीतून उठले. "खिडकीत होता जी," ते म्हणाले. "पावसाकडच्या बाजूनं. काल रात्रभर." मग शेजारी बसलेल्या संचालकांकडे वळून म्हणाले, "झालं. बाकीच्यांना चहा पाजून घरी पाठवा."

संचालक पक्के सदाशिव पेठेतले. ते म्हणाले, "चहाची प्रथा आपल्याकडे नाही. नुसतं पाठवतो."

अशी मी तिथे लागले. नेमणूक तात्पुरती होती, दर वर्षी नव्यानं व्हायची. पण ज्या वयात इतर बायका सुनेच्या स्वागताची तयारी करतात त्या वयात मला पांढरा कोट मिळाला होता.

सरांना ज्यात भोकं नाहीत अशा वस्तूत रस नव्हता. स्टीलच्या पेल्यातून पाणी प्यायला त्यांना आवडत नसे. खोलीबाहेर त्यांनी स्वतःच्या खर्चानं एक माठ ठेवला होता. त्याच्या ओल्या पोटावरून ते येता-जाता हात फिरवत. "हे माझं पहिलं इन्स्ट्रुमेंट," म्हणत. नागपूरच्या उन्हाळ्यात त्यांच्या आईनं लहानपणी त्यांना माठ पाहायला शिकवलं होतं. बाजारात दहा माठ ठोकून, हुंगून, थोडं पाणी ओतून ती एक निवडायची. ज्यातून पाणी गळतं तो नको, आणि ज्यातून काहीच पाझरत नाही तोही नको. "माझी पीएच.डी. तिथंच झाली. पुढं तर फक्त थिसिस लिहिला," असं ते पाहुण्यांना सांगत. पाहुण्यांना तो विनोद वाटे. तो विनोद नव्हता.

कँटीनमध्ये ते पावाची कडा चहात टेकवून बसत आणि चहा कुठवर चढतो ते बघत. चहा निवून जाई. एकदा दिवाळीत ते कर्वेनगरच्या आपल्या घरी आले होते. मी अनारसे पुढे ठेवले. सरांनी एक उचलला, खाल्ला नाही, उठून ट्यूबलाइटसमोर धरला. आजोबा घाबरून माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं केस निघाला.

"ताई, ही जाळी कशानं पडते?"

"पीठ आंबवावं लागतं. तांदूळ तीन दिवस भिजवून..."

"आणि सगळी भोकं सारखी कशी?"

"सारखी नसतात, सर. बऱ्याच वेळा फसतो."

"मग आपण दोघंही एकच काम करून राहिलो," असं म्हणून त्यांनी तो खाल्ला, आणि मग आणखी चार. जाताना दोन कागदात गुंडाळून मागून घेतले. ते त्यांनी खाल्ले नसावेत. आठवड्यानं सूक्ष्मदर्शकाच्या टेबलावर मला तुपाचा वास आला. त्या दिवशी मात्र तपासणी झाली नाही.

काम करताना आम्ही एकमेकांकडे पाठ करून बोलत असू. कारण चकती उघडी असताना तिला जसा तेलाचा अंश चालत नसे, तसा तिच्यावर श्वास पडलेलाही चालत नसे. ते मीठ हवेतला दमटपणा ओढून घेतं, मग चाचणीच्या टाकीतल्या निर्वातात त्याचे बुडबुडे होतात. म्हणून टेबलाशी दोघं उभे, आणि तोंडं दोन दिशांना. "स्क्रू घट्ट केला का?" सर खिडकीला विचारत. "केला," मी कपाटाला सांगे. नवीन आलेल्या कोणालाही वाटे, यांचं भांडण झालं आहे. हिशेबाच्या खात्यातल्या एका बाईंनी तर मला बाजूला घेऊन, "सोडून द्या हो, पुरुषच ते," असं समजावलंही होतं.

बुधवार पेठेत त्यांच्याबरोबर खरेदीला जाणं हा स्वतंत्र अनुभव होता. उच्च दाबाच्या वायरी, कपॅसिटर असलं सामान तिथल्या गल्लीतच मिळे. एकदा दुकानदारानं विचारलं, "काय बनवताय?"

"इंजिन."

"काय ओढणार ते?"

"काहीच नाही. साखरेचा दाणासुद्धा नाही."

दुकानदारानं कपॅसिटर कागदात बांधला. "म्हणजे आमच्या जावयासारखं," तो म्हणाला. "पुढचं गिऱ्हाईक बोला."

सर रस्त्यावर आल्यावर दगडूशेठच्या गर्दीतून वाट काढत एकटेच हसत होते. "पुण्याची माणसं थेंब पडू देत नाहीत," म्हणाले. "जे काढतात ते डायरेक्ट आयनच."

त्या वर्षांत प्रयोगशाळा रिकामी होत होती. हिंजवडीच्या कंपन्यांच्या बसगाड्या आमच्या फाटकासमोरूनच जात, आणि एकेक तरुण त्यात चढून दिसेनासा होई. जाणाऱ्याला सर एक खडू भेट देत आणि कधीही वाईट बोलत नसत. मीच चिडायचे. सर म्हणत, "जाऊ द्या नं ताई. सॉफ्टवेअरला कुठून काही पाझरत नाही, म्हणून त्यांचा पगार टिकते." त्यांना स्वतःलाही दक्षिणेतल्या एका मोठ्या केंद्राकडून दोनदा बोलावणं आलं होतं. मोठी इंजिनं, मोठी पदं. दोन्ही वेळा ते नाही म्हणाले. मोठ्या इंजिनात झिरपत काहीच नाही, सगळं नळ सोडल्यासारखं, हे त्यांचं कारण. शेवटी आमच्या खोलीत सर, मी आणि वर्कशॉपमधले मामा एवढेच उरलो.

मामांना प्रयोगशाळेतले सगळेच मामा म्हणत. चकतीवरचे सुळके यंत्रावर तेच कापत. त्यांच्या हाताखालून निघालेली कोणतीही वस्तू चकाकलीच पाहिजे, मग ती दाराची बिजागरी का असेना. खडबडीत वस्तू दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे न धुतलेल्या ताटात वाढणं, असं ते म्हणत. सरांना साहेब म्हणत, आणि त्यांच्यावर जीव टाकत.

आता मुख्य गोष्ट सांगते. त्या वर्षी दिवाळीनंतर अनुदान देणाऱ्यांची समिती येणार होती, आणि आमचं काम चालू ठेवायचं की बंद करायचं हे तिथेच ठरणार होतं. काम बंद झालं तर माझी नेमणूक संपली. आजोबांना अजून कुठे काही मिळालं नव्हतं आणि बाबांचं शेवटचं वर्ष बाकी होतं. आणि आमचं इंजिन नीट चालत नव्हतं. पाहिजे त्याच्या निम्मादेखील विद्युतप्रवाह मिळत नव्हता. दाब वाढवून तो मिळवायला गेलं की काही सुळके थेंब टाकत आणि ठिणगी पडे. का, ते कळत नव्हतं. सरांनी काच बदलली, द्रव बदलला, जाळी बदलली. मामांनी प्रत्येक नवी चकती आधीच्या चकतीपेक्षा जास्त चकाकवून दिली. काही फरक पडेना. सर माठावरून हात फिरवायचे आणि पाणी न पिताच आत जायचे.

दसऱ्याला सर दर वर्षी नागपूरला जात. त्यांचं कुटुंब पहिल्याच दीक्षेतलं. आईला घेऊन दीक्षाभूमीवर जायचं, हा त्यांचा नेम होता, आणि त्यात आमच्या कुठल्याही संकटानं कधी खंड पडला नाही. त्या वर्षीही ते गेले. जाताना एकमेव बरी चकती, समितीला दाखवायची म्हणून, डबीत घालून कपाटात ठेवून गेले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, मामा वर्कशॉपमधल्या यंत्रांची पूजा करत. लेथला झेंडूचा हार, ड्रिलला गंध. सरांनी त्यांना कधी अडवलं नव्हतं, फक्त आमच्या खोलीत उदबत्ती नको एवढं सांगितलं होतं. त्या वर्षी मामांना राहवलं नाही. साहेबांचं यंत्र आजारी आहे आणि तेवढंच पूजेवाचून राहतं, हे त्यांना बरं वाटेना. खोलीत उदबत्ती नको, हे त्यांनी काटेकोर पाळलं: चकतीच बाहेर आणली. हत्यारांच्या ओळीत पाटावर ठेवली आणि इतरांना लावली तशीच बोटानं ओली हळद तिलाही लावली.

साध्या लोखंडाला हळद लावली की ती वर राहते. चकती ती पिऊन टाकायला लागली. ते पाहून मामांनी धावत जाऊन स्पिरिटची बाटली आणली आणि पुसायला घेतलं. हळद पाण्यात तशी फारशी विरघळत नाही. स्पिरिटमध्ये मात्र तिचा रंग सगळाच्या सगळा उतरतो. मी पोचले तेव्हा चकती सोनचाफ्यासारखी पिवळी झाली होती, आणि मामा स्टुलावर डोकं धरून बसले होते.

"बाई, साहेबांना मी काय तोंड दाखवू?"

खरं सांगते, त्या क्षणी मला साहेबांपेक्षा बाबांची कॉलेजची फी दिसत होती.

सर दसऱ्यानंतर परतले ते संत्री घेऊन. मामा दारातच उभे होते. त्यांनी चकती पुढे केली आणि सगळं सांगून टाकलं. पूजा, हळद, स्पिरिट, काही लपवलं नाही. शेवटी म्हणाले, "तुमचं बरं व्हावं म्हणून केलं, साहेब."

सरांनी संत्र्यांची पिशवी माझ्या हातात दिली. चकती घेऊन ते खिडकीशी गेले. मग सूक्ष्मदर्शकाशी. मामांचे ओठ हलत होते, रामरक्षा म्हणत असावेत.

"अरे बापा," सर म्हणाले. मग पुन्हा, "अरे बापा. ताई, इकडं या. काय दिसून राहिलं?"

मी डोळा लावला. सगळी चकती पिवळी, बरेचसे सुळके पिवळे. पण मधेच, विखुरलेले, कितीतरी सुळके पांढरेशुभ्र. दुधाच्या दातांसारखे.

"काही सुळक्यांत रंग चढलाच नाही, सर."

"चढला नाही. म्हणजे?"

"म्हणजे त्यांची भोकं बंद आहेत."

"कशानं?"

मी मामांकडे पाहिलं. मला ते उत्तर मोठ्यानं द्यावंसं वाटेना. सरांनी ते माझ्या चेहऱ्यावरूनच घेतलं. इतके दिवस घासताना, चकाकी आणताना, काचेची अगदी बारीक भुकटी त्या भोकांत बसत होती. पॉलिश जितकं सुंदर, तितके जास्त सुळके मुके. मग उरलेल्या सुळक्यांवर सगळा भार, आणि त्यांचे थेंब. महिनोन्‌महिने आम्ही चकती अधिकाधिक सुंदर करत होतो आणि ती अधिकाधिक बंद पडत होती.

मामांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना. हळदीपेक्षा याचं त्यांना जास्त लागलं.

सर त्यांच्यापाशी गेले. "मामा, मी तुम्हाला कधी म्हटलं का, की चमकवू नका म्हणून?"

"नाही साहेब."

"मग चूक कोणाची? माझी. तुम्ही तर दवा आणली. संत्रं घ्या."

मग कामाला लागलो. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा न घासलेली वस्तू हातावेगळी केली. चकती देताना ते दुसरीकडे बघत होते. आम्ही ती सौम्य आम्लात बुडवून वरचा थर हलकेच काढला, धुतली, भाजून कोरडी केली. दिसायला ती खडबडीत झाली, गोठ्याच्या भिंतीसारखी. पण तिचा प्रत्येक सुळका ओला होत होता.

समितीच्या आदल्या दिवशी संचालक खोलीत आले. टेबलावर दोन चकत्या होत्या, एक खडबडीत, एक पिवळी.

"ही पिवळी उद्या दिसता कामा नये," ते म्हणाले.

"काहून?"

"अहो, विज्ञान करतो म्हणून पैसे मागायचे आणि हळद दाखवायची? हसतील लोक."

"हसू द्या. हसतील तर नीट बघतील."

"आपण बघून घ्या," संचालक म्हणाले. "मी उद्या मागे उभा राहीन. अंगावर काही उडालं तर आधी तुमच्या उडेल."

समितीचे अध्यक्ष दिल्लीत राहून आलेले आपलेच मराठी गृहस्थ होते. खोलीत शिरताच त्यांनी नवी चकती पाहिली. "ही अशी खडबडीत? पाहुण्यांसाठी तरी पॉलिश करायची हो."

"पॉलिश केली होती साहेब. म्हणूनच चालत नव्हती."

"आणि हे पिवळं काय?"

"हळद."

अध्यक्ष म्हणाले, "आपण इथे संशोधन करता की हळदीकुंकू?"

मागे कोणीतरी हसलं. सर सूक्ष्मदर्शक अध्यक्षांकडे वळवून म्हणाले, "बघा."

अध्यक्षांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. वर बघून जरा वेगळ्या आवाजात म्हणाले, "तुमच्याकडेही खंडेनवमी करतात?"

त्या प्रश्नात काय काय होतं ते खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. मामा दाराशी खाली बघायला लागले.

"आमच्याकडे नाही करत," सर म्हणाले, अगदी साध्या सुरात. "मामांकडे करतात. पण यंत्र आमचं सगळ्यांचं आहे. आता चालवून दाखवतो. म्हणजे मी नाही. ताई दाखवतील, त्यांच्या हातचं आहे."

हे आधी ठरलेलं नव्हतं. पण मी निर्वाताची टाकी तपासली, दाब चढवायला सुरुवात केली, आणि चढवता चढवता काय होतं आहे ते बोलू लागले, कपाटाकडे तोंड करून नाही, माणसांकडे तोंड करून. समितीतल्या बाकीच्यांना मराठी येत नव्हतं, शाळेत शिकलेलं माझं इंग्रजी त्या दिवशी कामाला आलं. विद्युतप्रवाहाचा काटा चढला, पाहिजे तिथे गेला आणि तिथेच राहिला. ठिणगी नाही.

अध्यक्षांनी टाकीच्या काचेला डोळा लावला. "यात दिसत तर काहीच नाही!"

"दिसलं असतं तर थेंब पडून राहिले असते, साहेब," सर म्हणाले. "काही दिसत नाही, म्हणजे बरोबर चालून राहिलं."

त्यानंतर दार लावून बैठक झाली. मी बाहेर माठाशेजारच्या बाकावर बसले होते. सगळ्यांत आधी संचालक बाहेर आले.

"अभिनंदन," ते म्हणाले. "काम चालू राहणार. आणि तुमची नेमणूक कायम झाली, तीही प्रमुख म्हणून. पत्र उद्या घ्या, शिपाई आज रजेवर आहे."

मी विचारलं, "प्रमुख? आणि सर?"

"ते दक्षिणेतल्या त्या मोठ्या केंद्रात जातायत. समितीत तिथलेही लोक होते, त्यांची तीच अट होती: काम चालवायचं तर तुमच्या सरांनी मोठ्या इंजिनांकडे यायचं. मी म्हटलं, मग इथे कायम माणूसच नाही, खोलीला कुलूप लावावं लागेल. तर तुमचे सर म्हणाले, ताईंना कायम करा, मी जातो." संचालकांनी चष्मा पुसला. "माणूस स्वतःची खोली देऊन मोकळा झाला. आम्ही साधी खुर्ची सोडत नाही."

सर बाहेर आले तेव्हा मी उभीच होते. आभार मानायचे सोडून मी चिडले. "आपण मला विचारलंत का?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं."

"म्हटलंच असतं! आपल्याला ती मोठी इंजिनं आवडत नाहीत. तिथे झिरपतं काय?"

"शोधीन नं काहीतरी. इतक्या मोठ्या इंजिनात एक तरी जागा गळत असेल." मग म्हणाले, "ताई, हे काम माझ्याशिवाय चालते. तुमच्याशिवाय नाही चालणार. मी आज पाहिलं."

माझ्याकडून आभाराचा शब्द त्या दिवशी निघाला नाही. पुढे अनेकदा म्हटला. पत्रात, फोनवर, त्यांच्या आईच्या अंत्यदर्शनाला नागपूरला गेले तेव्हाही. दर वेळी ते विषय बदलून एखाद्या नव्या सच्छिद्र वस्तूबद्दल बोलू लागत. बाबांचं शिक्षण त्या पगारावर झालं. ते परदेशी गेले, तुमची आई त्यांना भेटली, तुम्ही झालात. कधी कधी तुमचे फोटो बघताना मला वाटतं, एवढं सगळं कुठून कुठून पाझरत आलं.

सर दक्षिणेत गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोली उघडली. टेबल पुसलं, पंप सुरू केला. थोड्या वेळानं मामा दारात आले. हातातल्या डबीत नवी चकती होती, मुद्दाम खडबडीत ठेवलेली. ते सवयीनं खिडकीकडे बघत उभे राहिले, तिथे कोणी नव्हतं.

"बाई," त्यांनी विचारलं, "आता हे दाखवायचं कोणाला?"

मी हात पुढे केला. "आणा इकडे."